अक्काच्या शेतातले सरकारी बांध

अक्का म्हणजे माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण. अण्णांचं बेंगळुरात पेठेत कापडाचं दुकान होतं. देवनहळ्ळीकडची उताराची जमीन मात्र विधवा अक्काच एकटीनं कसायची. सुट्टी लागली की मी बसनं तिच्याकडे जायची. ती तांबडी माती, रागीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीचा वास आणि संध्याकाळी पायरीवरच्या तिच्या गप्पा, सगळं अजून तसंच आठवतं.

दर पावसाळ्यात त्या शेतातली माती ओढ्याला जायची. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस एक सरकारी अधिकारी उतार मोजायची दुर्बीण घेऊन आला, उतारावर खुंट्या ठोकून म्हणाला, "इथे आडवे बांध घाला. निम्मा खर्च सरकार देईल. पण उतारावरच्या सगळ्यांची संमती पाहिजे. मधलं एक शेत सुटलं तर पाणी तिथून बांध फोडील."

ते मधलं शेत ज्याचं होतं, तो नाही म्हणाला. त्याचं आणि अक्काचं चार वर्षं बोलणं नव्हतं. त्याचा बैल तिच्या रागीत शिरला, तेव्हा अक्कानं तो थेट कोंडवाड्यात घातला होता.

दोन दिवस अक्का धुमसत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं लुगडं बदललं, संमतीचा सरकारी कागद घेतला आणि मला म्हणाली, "चल."

तो अंगणात दोर वळत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"बैलाचं माझं चुकलं," अक्का कानडीत म्हणाली. "आधी तुम्हाला सांगायला हवं होतं."

अक्काला चूक कबूल करताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्याची बायको आतून ताक घेऊन आली. दोर बाजूला ठेवून तो म्हणाला, "बैलाचं नाही हो, अक्का. माझ्या वडलांनी एका कागदावर अंगठा दिला आणि आमचं खालचं शेत गेलं. मला वाचता येत नाही."

अक्का तिथंच जमिनीवर बसली. तिनं सगळा कागद सावकाश वाचून दाखवला. "स्वल्प थांबा, ते पुन्हा वाचा," असं तो म्हणेल तिथं पुन्हा वाचला. मग मांडीवर कागद ठेवून तिनं आपली सही केली. "आधी माझी. जमीन गेलीच तर दोघांची जाईल."

"सरी, चालेल," तो म्हणाला आणि त्यानं अंगठा पुढे केला.

उन्हाळाभर दोन्ही घरांनी मिळून माती ओढली. अनुदान यायला फार उशीर झाला. अक्कानं तालुक्याला किती खेपा घातल्या, देव जाणे. पण पावसात पाणी बांधाला अडलं, हळूहळू मुरलं, आणि माती जागेवर राहिली. त्या साली अक्काच्या खालच्या तुकड्यातसुद्धा रागी माझ्या कमरेला लागली. आम्ही बांधावर बसून त्याच्या बायकोनं उकडलेल्या पावट्याच्या शेंगा खाल्ल्या. तशी चव नंतर कुठं लागली नाही.

पुढे गुडघे धरले म्हणून अक्का आमच्याकडे शहरात राहायला आली. शेत तोच कसायला लागला. दर हिवाळ्यात तो शेंगांची पिशवी घेऊन यायचा आणि दोघं व्हरांड्यात दुपारभर बोलत बसायची. एका वर्षी तो आला नाही. अक्कानं आठवडाभर वाट पाहिली आणि मग कुणाचं न ऐकता, काठी टेकत, देवनहळ्ळीची बस धरली.