मोजलेली मुलं

"मॅडम, शुक्रवारी ग्रुप आणू नका. गाव नाही म्हणतंय."

केनियातल्या आमच्या गाइडचा फोन होता. मी दुबईत, करामा भागातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर आहे. ईदच्या सुट्टीत इथल्या मराठी कुटुंबांना केनियाला नेते. जंगल, प्राणी आणि अर्धा दिवस मसाई लोकांच्या गावात. बावीस जणांचं बुकिंग झालं होतं, निघायला तीन दिवस होते.

कारण ऐकून मी भडकलेच. मागच्या खेपेला म्हणे मी गावातली मुलं बोटानं मोजली. त्यातला एक मुलगा नंतर तापानं फणफणला. त्याच्या आईनं मलाच दोषी धरलं होतं.

अहो, बिस्किटांचे पुडे सगळ्यांना पुरावेत म्हणून मोजली! हेडकाउंट, म्हणजे डोकी मोजणं, हे तर माझं रोजचं काम.

"दुसरं गाव बघ. खलास," बॉस म्हणाले.

आमच्या बिल्डिंगचा सिक्युरिटी गार्ड जॅक्सन केनियाचा, एवढं ठाऊक होतं. खाली जाऊन विचारलं, तर तो मसाईच निघाला. दोन वर्षं आम्ही रोज गुड मॉर्निंग म्हणत होतो, पण मी कधी चौकशी केली नव्हती.

"मॅडम, आपने बच्चा गिना?" त्यानं कपाळाला हात लावला. "हमारे में बच्चा नहीं गिनते. गाय भी नहीं. नजर लगता है."

जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजू नयेत, हे आमच्या घरी आजही पाळतात. नवऱ्यानं एकदा लेकाच्या मोजल्या, तर मी त्याला फाडून खाल्लं होतं. मोजल्यानं ताप येत नाही, हे मलाही कळतं. पण आईचा जीव कसा धास्तावतो, तेही कळतं.

"मुलगा कसा आहे आता?" हे मी तोवर कुणालाच विचारलं नव्हतं. लाज वाटली.

जॅक्सननं गाइडमार्फत त्या आईला फोन लावला. त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलला. "बच्चा ठीक है. बोलती है, खुद आके माफी माँगो."

मी बॉसना म्हटलं, "गाव तेच. आधी मी एकटी आत जाईन, त्या मुलाच्या आईची माफी मागायला."

"आणि तिनं नाही म्हटलं तर?"

"तर ग्रुपला मी सांगेन, माझ्यामुळे हुकलं म्हणून."

"जा. यल्ला, नीघ."

शुक्रवारी ग्रुप गाड्यांत थांबला. गावाच्या काटेरी कुंपणाच्या तोंडाशी ती आई लेकाला घट्ट धरून उभी होती. मी हात जोडले. "चुकलं माझं." गाइडनं तिला सांगितलं. मग तिनं मुलाला पुढे केलं.

त्यानं माझ्यासमोर मान झुकवली. तिथली मुलं मोठ्यांपुढे अशीच उभी राहतात, डोक्यावर हात ठेवावा म्हणून. मी हात ठेवला. नाव विचारलं.

"लेमायान," आईच म्हणाली, आणि वाटेतून बाजूला झाली.

त्या दिवशी गाडीत बसताना मी हेडकाउंट केला नाही. यादी काढून एकेकाला नावानं हाक मारली. दहा मिनिटं जास्त लागली.

बाकी धडा साधा आहे. बिस्किटांचे पुडे जास्तीचे न्यावेत.