तुरीच्या दाण्याएवढा शनी

कुहीच्या शाळेत सत्यवतीबाई सूर्यमाला शिकवायला लागल्या की फळा कोराच राहायचा. बाई पिशवीतून एक संत्रं काढायच्या आणि अख्खा वर्ग मैदानात पिटाळायच्या. ही रीत त्या ट्रेनिंगमध्ये शिकल्या नव्हत्या. स्वतःच्या लग्नासाठी भांडताना ती त्यांना सापडली होती.

गोष्ट बासष्ट सालच्या जानेवारीची. सत्यवतीचं शिक्षिकेचं ट्रेनिंग नुकतंच पुरं झालं होतं. वडील आनंदराव नागपूरच्या संत्रा मार्केटात पेट्या भरायचे. गवत अंथरायचं, संत्री रचायची, फळी ठोकायची आणि पेटी कलकत्त्याच्या गाडीत चढवायची, यात त्यांची हयात गेली होती. सत्यवतीचं लग्न कुहीच्या देवरावशी ठरलं होतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून आनंदरावांनी पंचांग घरात येऊ दिलं नव्हतं, त्यामुळे मुहूर्ताचा प्रश्नच नव्हता. चार फेब्रुवारीला रविवार होता, सगळ्यांना सुट्टी होती, म्हणून तो दिवस धरला.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आकाशात आठ ग्रह एका राशीत जमणार असल्याचं निघालं. अष्टग्रही. पेपरात तेच, पानठेल्यावर तेच. कोणी म्हणे भूकंप होणार, कोणी म्हणे जगच बुडणार. रामदासपेठेतल्या शिकल्यासवरल्या बंगल्यांतूनही होमाचा धूर निघत होता. त्या धुरातच कुहीहून निरोप आला. देवरावची आजी बायजाबाई म्हणत होती की लग्न महिनाभर पुढं ढकला.

"ढकलू ना," आनंदराव म्हणाले. "महिन्यानं काय बिघडते?"

"बाबा, आज लग्न ग्रहायले विचारून केलं, तर उद्या मी नोकरी करावी का नाही हे बी तेच ठरवतील," सत्यवती म्हणाली. "रविवारी होत असंल तर होऊ द्या. नाही तर मले हे लग्नच नाही करायचं."

बोलली खरी, पण नंतर चुलीपुढं बसून भरपूर रडली. देवराव तिला मनापासून आवडला होता. बघायला आलेल्या पाचजणांत, शाळेत कोणता विषय शिकवाल, हे त्या एकट्यानंच विचारलं होतं. असा माणूस शनी-मंगळाच्या पायी हातचा जाणार म्हटल्यावर रडू येईल नाही तर काय होईल. डोळे पुसून ती उठली आणि म्हणाली, मी स्वतः कुहीला जाते. नवरी मुलगी लग्नाआधी सासरी भांडायला निघाली, म्हणताना वस्तीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आनंदरावांनी संत्र्यांची टोपली भरली आणि एसटीत तिच्या शेजारी जाऊन बसले.

बायजाबाई खळ्यात धान मोजत होत्या आणि देवराव पोतं धरून उभा होता. मोजणाऱ्या माणसाशी मधे बोलायचं नसतं, म्हणून बापलेक निमूट बाजूला उभे राहिले. पहिल्या पायलीला त्या 'एक' म्हणत नव्हत्या, 'लाभ' म्हणत होत्या. लाभ, दोन, तीन असं करत वीस झाले की मूठभर धान खुणेला बाजूला टाकायचं आणि पुन्हा लाभ. रास संपल्यावरच म्हातारीनं मान वर केली.

"बोल."

सत्यवतीनं एसटीत पाठ केलेलं भाषण पार उडून गेलं. "आजी, तुम्ही तर दीक्षेले चालत गेल्या होत्या म्हणे. मग ग्रहायले काहून भेता?"

"देव मी सोडले, वं. त्यात खोट नाही. पन मी सोडले हे गिरहायले कोनं सांगतलं?" बायजाबाई म्हणाल्या. "साडेसाती भोगली हाये मी. दर शनिवारी शनीले तेल वाहिलं, तरी म्हैस मेली, अन् मंग मालक बी गेले. माहा एकच नातू हाये. त्याले मी त्या दिवशी लग्नाले उभा नाही करत."

सत्यवतीची नजर टोपलीवर गेली. ट्रेनिंगच्या पुस्तकातले कोटी कोटी मैल तिनं पाटीवर भागून भागून लहान केले होते, निव्वळ हौसेपोटी. तिनं एक संत्रं उचललं आणि खळ्याच्या मधोमध ठेवलं.

"आजी, हा सूर्य. एवढा धरला तर आपली पृथ्वी केवढी, सांगू? घरात खसखस आहे का?"

खसखस निघाली. मग हरभऱ्याचा एक दाणा आणि तुरीचा एक दाणा असा आहेरही तिनं मागून घेतला. अंतर पावलांनी मोजायचं म्हटल्यावर बायजाबाई पदर खोचून उठल्या. त्यांच्या खळ्यात मोजणी दुसऱ्या कोणी केलेली चालत नसे.

संत्र्यापासून एका बाजूला त्यांची बारा पावलं, तिथं एका पाटावर खसखशीचा दाणा ठेवला. ती पृथ्वी. चंद्र म्हणजे तिच्यापासून दोन बोटांवर धुळीचा कण. बुध, शुक्र, मंगळ ही खसखशीचीच भावंडं, संत्र्याच्या आसपास. मग संत्र्याच्या पलीकडच्या बाजूला म्हातारी निघाली. लाभ, दोन, तीन. वीस झाले की मुठीतलं धान टाकायचं, पुन्हा लाभ. तीन विसांवर हरभरा ठेवला, तो गुरू. खळं संपलं, धानाच्या बांध्या लागल्या, तरी सत्यवती पुढंच चला म्हणत होती. सहा विसा भरले तेव्हा कुठं बांधावर तुरीचा दाणा ठेवला आणि देवरावला राखणीला उभं केलं.

"हा शनी."

परत येताना सत्यवती दोनदा थांबून मागं वळून पाहत राहिली. पाटीवरचे आकडे तिला तोंडपाठ होते, पण हे मोकळं रान तिनं पायांनी आज पहिल्यांदा चालून पाहिलं होतं. सगळं मिळून चार-दोन दाणे, बाकी नुसती मोकळीक. तिला इतका आनंद झाला की आपण कशासाठी आलो हेही ती घडीभर विसरली.

"आता पृथ्वीपाशी बसून पाहा, आजी. संत्रं, हरभरा, तूर, सगळे एका रेषेत. यालेच लोक आठ ग्रह जमले म्हणून राहिले. हे जमणं आहे का?"

बायजाबाईंनी उकिडवं बसून एक डोळा मिटला. "आठवा कोनता?"

"केतू. त्याले दाणाच नाही. तो काही गोळा नाही, नुसतं नाव आहे."

म्हातारी गालात हसली, पण हटली नाही. "दूर असंल, कबूल. पन नजर दुरूनच लागते, वं. शनीची तर नजरच वाईट."

नजर किती पावलं जाते हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं. आनंदराव टोपलीची दोरी आवळायला लागले. लग्न मोडलंच, असं सत्यवतीनं मनाशी धरलं.

एवढ्यात देवराव बांधावरून धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आजी, शनी गेला."

"कुठी गेला?"

"कोंबडीनं खाल्ला."

झालं होतं असं, की बायजाबाईंनी दर विसाला टाकलेल्या मुठी टिपत त्यांचीच तांबडी कोंबडी बांधापर्यंत पोचली होती. राखणदार देवराव तुरीकडे पाहायचं सोडून सत्यवतीकडे पाहत उभा होता. नागपूरच्या पोरीनं शेतात उघड्यावर दाणा ठेवला, त्याचं आणखी काय होणार?

बायजाबाई हसता हसता खाली बसल्या. सत्यवतीला मात्र खोटं सोसवेना. "आजी, तो काही खरा शनी नव्हता."

"मालूम हाये मले. मी का येडी हाओ? पन इतली मोठी कोंबडी माह्या नजरेसमोरून गेली, अन् इथून मले ते दिसली बी नाही." म्हातारीनं पाटावरच्या दाण्यावर बोट टेकलं. दाणा बोटाला चिकटून वर आला. "याच्यावर मी कुठी अन् माही म्हैस कुठी? तिथून त्याले दिसंल तरी काय?"

मग त्यांचं हसू ओसरलं.

"एका शनिवारी तेल चुकलं होतं माह्याकडून. त्याच्याच दुसऱ्या आठवड्यात मालक गेले. माह्याच्यानं गेले, असं मी आजवर धरून बसली."

"नाही, आजी. तुमच्यानं नाही गेले."

म्हातारीनं डोळे पुसले. मग बोटावरचा दाणा जपून पाटावर परत ठेवत त्यांनीच विचारलं, "चांदनी कुठी असते मंग?"

"सगळ्यात जवळची चांदणी म्हणजे असंच एक दुसरं संत्रं," सत्यवती म्हणाली. "बाबांची पेटी कलकत्त्याले जाते ना? तिथून तेवढंच पुन्हा पुढं गेलं की ते संत्रं."

आनंदरावांनी टोपली खाली ठेवली. "अन् मधी काय?"

"मधी काहीच नाही, बाबा."

जन्मभर पेट्या गच्च रचणारा तो माणूस पुष्कळ वेळ पूर्वेकडे पाहत राहिला. तेवढ्यात बायजाबाईंनी टोपलीतलं एक संत्रं सोलून पहिली फोड सत्यवतीच्या हातावर ठेवली. लग्नाचं पुढं काय, हे मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही.

रविवारी नागपूरचे रस्ते ओस होते. बँडवाले आलेच नाहीत, आचारी घरात दडून बसला, पाहुणे निम्मेच आले. सत्यवती बौद्ध लग्नाचं पांढरं लुगडं नेसून दाराशी उभी होती. कुहीची एसटी येऊन गेल्याला बराच वेळ झाला होता. मग गल्लीच्या टोकाला बायजाबाई दिसल्या. त्या सगळ्यांच्या पुढं होत्या आणि नवरदेव मागून धापा टाकत येत होता.

दाराशी येऊन त्यांनी पदराची गाठ सोडली आणि तुरीचा एक दाणा सत्यवतीच्या हातावर ठेवला.

"घे, तुहा शनी. शाळेतल्या पोरायले शिकवाले लागंल."