उभा वळू आणि चालता वळू

सिंगापूरला नोकरी लागली तेव्हा मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कामाबद्दल अर्धंच सांगितलं होतं. परदेशातल्या मोठ्या कळपांसाठी वळू निवडायचे, एवढंच. त्या वळूंची वासरं मोठी होऊन मांसासाठी जातात, हे मात्र मी गिळून टाकलं. आबा गावात सांगत सुटले की पोरगी दर्यापल्याड बैल पारखते. फोनवर ते ऐकताना मला बरं वाटायचं आणि लाजही वाटायची.

आबा चौथी शिकलेले. माणदेशात आमच्या दावणीला खिलार असायचे आणि आबांचे खोंड जत्रेच्या प्रदर्शनात नंबर काढायचे. महिनाभर आधीपासून घर त्या खोंडाभोवती फिरायचं. काचेच्या तुकड्यानं शिंगं तासायची, तेल चोळायचं, शेपटीचा गोंडा धुवायचा. पंच जवळ आले की आबा खोंडाचे पुढचे पाय हळूच उंचवट्यावर आणायचे. त्यानं पाठ सरळ दिसते, छाती भरते. ही युक्ती आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक, पंचांनासुद्धा. जनावर बघायला मला आबांनी शिकवलं. पशुवैद्यकीच्या कॉलेजातही त्यांनीच घातलं, आणि घरातली पहिली पदवी आली तेव्हा तो कागद त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला.

मी नोकरीत कायम झाले त्या वर्षी ते महिनाभर माझ्या सिंगापूरच्या बुकित बातोक भागातल्या फ्लॅटवर राहायला आले. एका शनिवारी दुपारी मी काम घरी आणलं होतं. उत्तर ऑस्ट्रेलियातले दोन वळू, त्यातला एक सोमवारी सुचवायचा होता. पहिल्यांदाच निर्णय माझ्या एकटीच्या नावावर जाणार होता. दोघेही तिकडे 'ब्राह्मन' म्हणतात त्या गुरांच्या जातीचे, करडे, भरदार वशिंडाचे. त्यांचे पूर्वज आपल्याच मुलखातून गेलेले. एक प्रदर्शनातला अव्वल, गळ्यात निळी फीत. दुसरा साधा, अंगावर धूळ. वासरांच्या वाढीचे आकडे जवळजवळ सारखेच होते. मी अहवालात फीतवाल्याचा नंबर लिहूनही टाकला होता. तो आमच्या दावणीतल्यासारखा दिसत होता, एवढंच त्याचं खरं कारण.

आबा खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले. फीतवाल्याची चित्रफीत सुरू होताच ते हसले.

"पुढचे पाय उंचावर हायत की गं."

मी नीट पाहिलं. हिरवळीचा एक उंचवटा होता, आणि त्यावर दोन्ही पुढचे खूर. आकडे वाचताना मला तो दिसलाच नव्हता. मग त्यांनी सहज विचारलं, "ह्येची वासरं कशाला जुपत्यात? औताला का गाडीला?"

आता खोटं बोलणं जमलं नसतं. मी सांगितलं. तिकडे जुंपत नाहीत, आबा. मांसासाठी वाढवतात. माझं काम तेच आहे.

ते उठून बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये जाऊन उभे राहिले. मी आतूनच त्यांची पाठ बघत बसले. गावी गेल्यावर देव्हाऱ्यातला तो कागद ते खाली काढतील, असं मला वाटून गेलं. चहा केला, तो गार झाला. बऱ्याच वेळानं ते आत आले आणि एकेक विचारू लागले. जनावरं बांधून ठेवतात की मोकळी? पाणी किती लांब? गायी वितात तेव्हा जवळ माणूस असतो का? मी सांगितलं, मैलोन्‌मैल माळ आहे, पाण्याला चालत जावं लागतं, विताना कुणी नसतं.

"आपल्यात चालत न्हाय," ते म्हणाले. "मी खाणार न्हाय, तूबी खाऊ नगं. पर त्यांच्यात चालतं, आन् निवडायचं काम तुज्याकडं हाय, तर नीट निवड. उभा नगं दावूस. चालव त्याला."

मी दोन्ही वळू चालतानाचा भाग लावला. फीतवाल्याचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या अलीकडेच टेकत होता. आखूड पावलं, मागचे पाय फार सरळ. धुळकट वळूचा मागचा खूर बरोबर पुढच्या ठशावर पडत होता. पाण्यापर्यंत आणि गायींमागे रोज चालायचं ते यालाच जमणार होतं. मी अहवालातला नंबर खोडला आणि दुसरा लिहिला.

सोमवारी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात माझ्या वरिष्ठ बाईंनी कारण विचारलं. मी चित्रफीत लावून खूर दाखवले. त्यांनी ती दोनदा पाहिली, सही केली आणि हे कुठं शिकलीस म्हणून विचारलं. वडिलांकडे, असं मी म्हणाले. कॉलेजचं नाव सांगायचं सुचलंच नाही.

त्याच आठवड्यात इमारतीखालच्या बाकावर पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ आबांना भेटले. मुलाकडे आलेले, बोलायला गोड. मी शेजारी उभी होते. मुलगी काय करते, असं त्यांनी आबांना विचारलं. मी घाईघाईनं "संशोधन" म्हणणार होते, पण आबांनी मला हातानं थांबवलं.

"मांसाच्या जनावरांचं वळू निवडती. आमचं काम दिसण्याचं हुतं, हिचं अवघड हाय."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. आबा बाकावर सरकले आणि मला बसायला जागा करून दिली.