‘वरात अडली पुलावर’ आणि शांतम्माचा उखाणा

‘वरात अडली पुलावर’ हा सिनेमा सगळीकडे पडला आणि राणीसावरगावात मात्र उभा राहिला. कसा, ते विचारू नये. नायकाला गाता येत नाही, नायिकेला नाचता येत नाही आणि पूल तर चक्क पुठ्ठ्याचा आहे. तरी गावाला तो तोंडपाठ. दरवर्षी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना काळं प्लास्टिक ठोकतात आणि सिनेमा लावतात. लावतात म्हणजे नावाला. सगळं काम गावच करतं, पडद्यावरची मंडळी नुसते ओठ हलवतात. खलनायक मामा आला की बाया चपला उगारतात. मामा गुरकावतो, "पोरीचा बाप कुठाय?" की पुरुषांच्या बाजूने झाडून सगळे बाप उठतात, "इथं हाय!" त्यात ज्यांना पोरगीच नाही तेही असतात. लग्नाच्या गाण्याला रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता इतक्या उधळतात की गावातल्या कबुतरांची पुढचा आठवडाभर चैन असते.

पण या सगळ्यात मान शांतम्माचा. ती किराणा दुकानदार मन्मथअप्पांची बायको. नवी नवरी असताना ती यात्रेतल्या तंबूत हा सिनेमा बघायला आली होती. नायिका सासरच्या उंबऱ्यावर उभी, सासू म्हणते, "नाव घे, मगच आत ये," आणि नेमकं तिथंच रीळ तुटलं. अंधारात बायकांमधून नव्या नवरीचा आवाज आला आणि तिनं स्वतःच्याच नवऱ्याचं नाव घेऊन टाकलं:

"पिंगळीच्या फाटकात मालगाडी खडी,
मन्मथअप्पा घोरतात, हादरते माडी."

पलीकडून अप्पा ओरडले, "खोटं हाय!" तंबू पडायचा तेवढा राहिला. तेव्हापासून रीळ तुटो न तुटो, सिनेमा तिथं थांबणारच. शांतम्मा नवा उखाणा घेणार, अप्पांची नवी खोड चव्हाट्यावर येणार आणि अप्पा "खोटं हाय!" म्हणणार. ते म्हणाले की गावाची खात्री पटायची, की खरं आहे.

गेल्या पोळ्याच्या आधी अप्पा गेले. दुकानात गुळाची ढेप फोडता फोडता बसले, ते उठलेच नाहीत.

शांतम्मा रडली नाही. भेटायला आलेल्या बाया पदर तयार ठेवून बसायच्या आणि ही विचारायची, "चहात साखर चालती का?" हिच्या रडण्याला साथ द्यायला आलेल्यांची फार पंचाईत झाली. सकाळी दुकान ती उघडी, पोरगा बसवेश्वर बाजाराला गेला की दुकानात बसे. साखर मागितली की साखर देई, मीठ मागितलं की मीठ. गरम चहा आणि गार चहा तिला एकच लागे. लोक तिच्यासमोर ‘मालक’ म्हणत, ‘ते’ म्हणत. अप्पांचं नाव कुणीच काढत नव्हतं. तिनंही काढलं नव्हतं. काढलं तर काय होईल, ते तिला माहीत नव्हतं. काहीच झालं नाही तर, याचीच तिला जास्त भीती होती.

यात्रा आली तशी शेजारची मनकर्णा दारात येऊन ठाकली. "चल अक्का, सिनेमाला."

"मला काय करायचंय सिनेमा?"

"काय करायचंय म्हंजे? मामाला चप्पल कोण दाखवंल? माझी तर नवी हाय."

शांतम्मा गेली. नाही म्हणायलाही जोर लागतो, तो तिच्याकडे नव्हता.

मनकर्णानं आदल्या दिवशीच तात्यारावाला गाठलं होतं. रिळं गेली, पेन ड्राइव्ह आला. आता सिनेमाचा रिमोट तात्यारावाकडे. तिनं बजावलं होतं, "त्या उखाण्याच्या जागी औंदा थांबवू नको बरं का. सरळ पुढं जाऊ दे."

"मी काय येडा हाव का मावशी?" तात्याराव म्हणाला होता.

वेडा नव्हता बिचारा. पण त्याच्या अंगठ्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. नायिका उंबऱ्यावर आली, सासू म्हणाली, "नाव घे, मगच आत ये," आणि अंगठ्यानं इतक्या वर्षांच्या सवयीनं बटण दाबलं. पडदा थांबला. आणि अंधारातून सगळं गाव एका सुरात ओरडलं, "शांतम्मा, नाव घ्या! शांतम्मा, नाव घ्या!"

तिसऱ्यांदा म्हणताना अर्ध्यांना आठवलं. चौथ्यांदा एकटाच एक आवाज उरला, त्याला कुणीतरी कोपरानं ढोसलं. छताचा पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

"आगं माय," मनकर्णा पुटपुटली आणि तिनं शांतम्माचा हात करकचून धरला. "अक्का, बसून राहा. तात्याराव, मेल्या, सुरू कर की!"

तात्यारावाला घाबरून बटणच सापडेना.

शांतम्मा उठली. का उठली, ते तिलाही नीट कळलं नाही. नाव पुकारलं की उठायचं, एवढंच पायांना माहीत होतं. नवरा गेलेल्या बाईनं चारचौघांत उखाणा घेतल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या धुरपताबाईंनी तोंडाला पदर लावला.

"शटर वर करते रोज सकाळी," शांतम्मा म्हणाली. आवाज दुकानात भाव सांगतानाचाच होता. "मन्मथअप्पांची गादी दिसते मोकळी."

आणि ती थांबली. दरवर्षी थांबायची तशी, पुरुषांच्या बाजूला मान वळवून.

तिकडून कुणी काही बोललं नाही. एक खोकला आला, तोही गिळला गेला. एरवी प्रत्येक वाक्याला वाक्य फेकणारं गाव. पण ते दोन शब्द उचलायची कुणाची छाती झाली नाही. शांतम्मा वाट बघत उभी राहिली. मग तिला कळलं, की यालाच कुणी नसणं म्हणतात. घरात, दुकानात कुठंच कळलं नव्हतं, ते इथं कळलं.

"लाव रे तात्याराव," ती म्हणाली. "ती पोरगी कवाची दारात उभी हाय."

तात्यारावाला बटण सापडलं. नायिका आत गेली, वाजंत्री सुरू झाली. एका कोपऱ्यातून भीतभीत चार अक्षता उडाल्या, मग मूठभर, मग पसापसा.

शांतम्मा खाली बसली. मनकर्णानं अजून तिचा हात सोडलेला नव्हता.

"मनकर्णे," ती म्हणाली, "हात सोड माय. लय दुखायलाय."