मेहुणीचं औषध

पन्नाशीला आली तरी माहेरचे सगळे तिला धाकटीच म्हणत. ती एका प्रयोगशाळेत औषधांचे रेणू बनवायची आणि तपासायची. हाताला कंप सुटतो, चाल अडखळते, चेहरा हळूहळू गोठत जातो, त्या आजारावर तिचं काम चालू होतं. या आजारात मेंदूच्या पेशींतलं एक एन्झाइम गरजेपेक्षा जास्त राबत सुटतं. त्याच्या खाचेत जाऊन बसेल आणि त्याला अडवेल असा रेणू ती आधी कॉम्प्युटरवर आखायची, मग बाटलीत बनवायची, मग छोट्या छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये एन्झाइमबरोबर सोडून बघायची. एन्झाइम चालू असलं की खळगा चमकतो, अडलं की विझतो. तिचे खळगे वर्षानुवर्षं चमकतच राहिले होते.

"पाण्यात रंग कालवायचा पगार मिळतो हिला," असं ताई चारचौघांत म्हणायची. सगळे हसायचे, धाकटीही हसायची. पण ते तिला लागायचं.

मग एका दुपारी प्लेटमधली एक अख्खी ओळ विझली. तिने पुन्हा करून बघितलं. पुन्हा विझली.

त्याच आठवड्यात ती ताईकडे जेवायला गेली. भाऊजींचं चष्म्याचं दुकान होतं. फ्रेमचे इवलेसे स्क्रू बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि आता नेमका उजवा हात थरथरू लागला होता. आजार तोच. चमच्यातलं निम्मं ताटाबाहेर सांडत होतं, ताई तिकडे न बघताच पुसून घेत होती.

"काय धाकटे," भाऊजी थट्टेने म्हणाले, "तुझ्या बाटल्यांत आमच्यासाठी काही आहे की नाही?"

"आहे," ती म्हणाली. "या वेळी जमलंय. वर्ष-दोन वर्षं कळ काढा."

ताईचा हात तिथल्या तिथे थांबला. तिने धाकटीकडे असं बघितलं, जसं लहानपणापासून कधी बघितलं नव्हतं. त्या नजरेच्या धुंदीत धाकटी घरी गेली.

प्लेटपासून औषधाच्या दुकानापर्यंत पोचायला दहा-बारा वर्षं लागतात आणि बहुतेक रेणू वाटेतच गळतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणखीही एक गोष्ट तिला ठाऊक होती. काही रेणू खाचेत बसतच नाहीत. पाण्यात त्यांचे बारीक गोळे होतात, एन्झाइम त्या गोळ्यांना चिकटतं आणि खळगा भलत्याच कारणाने विझतो. हे पकडायची युक्ती नवख्यालाही शिकवतात: साबणासारख्या द्रवाचा एक थेंब टाकायचा. गोळे फुटतात, खरं-खोटं कळतं. तिने ती चाचणी पुढे ढकलली होती. आधी थोडे आकडे हातात येऊ देत, असं ती स्वतःला सांगायची. खरं तर ती घाबरली होती.

विभागाच्या बैठकीत तिने आलेख दाखवले. प्रथिनांवर काम करणारे एक सहकारी सहज म्हणाले, "साबण घालून बघितलंत ना?"

"अजून नाही."

कोणी हसलं नाही, पण सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्याच दुपारी तिने थेंब टाकला आणि सगळे खळगे लख्ख उजळले. विभागप्रमुख म्हणाले, "होतं असं." ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी सांगायचं म्हणून तिने ताईला फोन लावला. पण ताईच आधी बोलली. "अगं, हाताचा कंप थांबवायला मेंदूत तार बसवायच्या ऑपरेशनचा नंबर लागला होता ना यांचा? यांनी तो सोडून दिला. म्हणाले, मेहुणीचं औषध येतंय, मग डोक्याला भोक कशाला पाडून घ्यायचं?"

"बरं," एवढंच म्हणून धाकटीने फोन ठेवला. उद्या सांगू, रविवारी सांगू, असं करत महिना गेला.

शेवटी ती दुकानात गेली. एक गिऱ्हाईक बसलं होतं. "हीच ती माझी मेहुणी!" भाऊजींनी ओळख करून दिली. तो माणूस चटकन उठला आणि आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवत म्हणाला, "मॅडम, माझ्या आईलाही हेच आहे. तिला मिळेल का हो औषध?"

"नाही," ती उभ्यानेच म्हणाली. "औषध नाहीये. माझी चूक झाली."

तो बिचारा चष्मा न घेताच निघून गेला. भाऊजींनी विचारलं, "म्हणजे उशीर लागणार?"

"नाही भाऊजी. ते औषध नव्हतंच. मी तपासायच्या आधीच बोलले."

"तुला कळलं कधी?"

तिला हाच प्रश्न नको होता. "मागच्या महिन्यात."

भाऊजींनी गिऱ्हाइकाचा राहिलेला चष्मा डबीत ठेवला. "परवाच हॉस्पिटलमधून पुन्हा फोन आला होता," ते म्हणाले. "विचार बदललाय का, विचारत होते. मी नाही म्हटलं."

ते ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात गेली आणि सगळ्यांसमोर डॉक्टरांना सांगितलं, "यांनी नकार दिला तो माझ्यामुळे." त्याने काही फरक पडला नाही. नाव यादीच्या तळाशी गेलं, नंबर यायला वर्षाहून जास्त लागलं. तोवर दुकान दुसऱ्याला चालवायला द्यावं लागलं. ऑपरेशननंतर हात बराच स्थिरावला, पण वाचा जड झाली ती झालीच आणि पायही साथ देईनात. "लवकर झालं असतं तर?" तिने डॉक्टरांना गाठून विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. त्यांनी सरळ दोष दिला असता तर तिला परवडलं असतं.

ताई कधी टाकून बोलली नाही. फक्त तिने थट्टा करणं सोडलं. प्रयोगशाळेत धाकटी आता नवे रेणू तपासते. ते एन्झाइमला थोडंसंच अडवतात, पण खरोखर अडवतात. घरी ती त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

रविवारी ती भाऊजींना फिरायला नेते. दारातून बाहेर पडताना त्यांचे पाय जमिनीला खिळतात. मग ती कोपराला धरून मोठ्याने म्हणते, "हं, एक, दोन, एक, दोन," आणि त्या तालावर पाऊल उचलतं. कधीकधी ते न अडखळता पार कोपऱ्यापर्यंत जातात. तेव्हा तिला आनंद होतो, आणि तो आनंद आपल्या चेहऱ्यावर त्यांना दिसू नये म्हणून ती रस्त्याकडे बघत चालते.