बर्फ कारखान्याची जर्मन खुशाली

नव्वदच्या दशकात बारामतीत जर्मन येणारी मी एकटीच असावे, कारण भिगवणच्या बर्फ कारखान्याचे मालक आबा थेट माझ्या शिकवणीच्या खोलीत येऊन बसले. पुण्यात मी जर्मनचा कोर्स केला होता. लग्नाच्या बायोडाटात एक ओळ वाढण्यापलीकडे त्याचा तोवर उपयोग झाला नव्हता. आबांचं जुनं जर्मन मशीन एक भाग तुटून बंद पडलं होतं. उजनीची मासळी बर्फाविना दुपार काढत नाही, आणि मच्छीवाले आता दुसरीकडून बर्फ उचलत होते. असंच चाललं तर कारखान्याला कुलूप लागणार होतं. मशीन बनवणाऱ्या तिकडच्या कारागिराला इंग्रजी येत नव्हतं.

फॅक्सचा इंग्रजी मसुदा इंदापूरच्या एका निवृत्त हेडक्लार्कनी केला होता. साध्या क्रियापदावर त्यांचा विश्वास नव्हता. मशीन 'ब्रेक डाउन' झालं होतं, आम्ही ते 'पुट अप विथ' करत होतो आणि त्यांनी 'लुक इंटू' करायचं होतं. माझा छोटा इंग्रजी-जर्मन शब्दकोश 'पुट' वेगळं सांगे, 'अप' वेगळं. दोन्ही मिळून काय होतं ते माझ्यावर सोडलेलं. त्यातून जर्मन क्रियापदाचं शेपूट बरेचदा तुटून वाक्याच्या टोकाला जाऊन बसतं. माझा अख्खा रविवार गेला.

मसुद्याची सुरुवात मात्र रीतसर होती. ईश्वरकृपेने आम्ही सगळे 'गेटिंग ऑन वेल' आहोत, पीकपाणी बरं आहे, आपली खुशाली कळवावी. मशीन अगदी शेवटी. मी इमानदारीत सगळं जर्मनमध्ये उतरवलं. उत्तर आलं: तुमचं उत्तम चाललंय हे वाचून आनंद झाला.

"आबा, वरची खुशाली काढू या."

"अवो बाई, माणूस हाय त्यो. दारात पाय ठेवल्या ठेवल्या कामाचं बोलायचं?"

"तो पुढचं वाचतच नाही."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "काढा," म्हणाले, पण मन मारून.

या वेळी उत्तरात दोनच ओळी होत्या. तो भाग आता बनत नाही. काही करता येणार नाही.

आबांनी त्या दोन ओळी माझ्याकडून परत वाचून घेतल्या. मग म्हणाले, "त्याच्या घरी कायतरी झालंय. एवढं तुटक कोण लिवतं?"

"जर्मन लोक असंच लिहितात."

"इचारा."

"आबा, कारखाना तुमचा बुडतोय!"

"त्यो बुडतोयच. तुमी इचारा."

मला राग आला होता. रागातच लिहिलं: आबा विचारतात, घरी सगळे ठीक आहेत ना? शब्दकोश उघडावा लागला नाही.

काही आठवड्यांनी पार्सल आलं. त्याने स्वतःच्या शेडमधल्या जुन्या मशीनचा भाग काढून पाठवला होता. सोबत पत्र होतं. बायको वारली, त्याच दिवसांत तुमचा फॅक्स आला. कामाच्या माणसांपैकी घरचं विचारलं ते तुम्हीच, असं त्याने लिहिलं होतं. मी ते आबांना मराठीत वाचून दाखवलं.

फिटर तो भाग उलटसुलट करून बघत होता. बसेल, म्हणाला. आबांनी तिकडे पाहिलंही नाही.

"पोरंबाळं हायेत का त्याला?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मंग जेवतो कुठं त्यो?"