सोजराबाईची अर्धी वचनं

सोजराबाई हात उचलायची, हे आधीच सांगून टाकते. ती वारल्यापासून आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक तिला संत करायला निघालेत. पाळकसाहेबांनी तिच्यावर चार शब्द मागितले. घ्या, पण मग जसे आहेत तसे घ्या.

पिंपळगाव राजाच्या कडेला आमची दहा-पंधरा ख्रिस्ती घरं. सोजराबाई चौथी शिकलेली, मिशनच्या वसतिगृहात वाढलेली, जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचणारी. वेचतानाच ती पोरांना बायबलमधली वचनं शिकवायची. ओळीच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला पोर. अर्धं वचन ती म्हणणार, उरलेलं अर्धं पोरानं पुरं करायचं, हात न थांबवता. चुकलं की पऱ्हाटीची काडी पोटरीवर.

"अगं, देवाचं नाव घेताना रडतात ती," मी एकदा म्हटलं.

"रडू द्या ना, बाई. असं शिकलेलं जात नाही."

मग बोंडअळीचं साल आलं. बीटी बियाण्याला अळी लागत नाही म्हणून सगळ्यांनी तेच पेरलेलं. दिवाळीनंतर बोंडं फोडली तर आत गुलाबी अळी आणि काळी रुई. वेचायला काही राहिलंच नाही. तिचा मुलगा सहदेव बायको आणि नऊ वर्षांची पोरगी प्रतीक्षा यांना घेऊन चाकणच्या कारखान्यात गेला. त्याच्या मागोमाग आणखी पाच घरं गेली. रविवारच्या मुलांच्या शाळेत तीन पोरं उरली.

सोजराबाईला आता एकच हवं होतं. प्रतीक्षा चौदाची झाली की नाताळात गावच्या मंडळीपुढे उभी राहील, आपल्या तोंडानं विश्वास कबूल करील आणि पाळक डोक्यावर हात ठेवून तिचं दृढीकरण करतील, म्हणजे ती मंडळीची पक्की सभासद. "एक तरी माह्या हातची राहू द्या," म्हणायची.

म्हणून रोज संध्याकाळी सातला ती माझ्या घरी यायची. फोन माझा. स्पीकर लावून मध्ये ठेवायचा. अर्धं इथून, अर्धं चाकणहून. वचनं त्याच क्रमानं, चाल तीच, वेचणीची. घड्याळ लावावं इतकी ठरलेली. अशी पाच वर्षं.

पाचव्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिला ठसका लागला. वचन अर्ध्याच्याही अर्ध्यावर तुटलं. पण पलीकडून पोरीचं अर्धं आलं. बरोब्बर वेळेवर. मग तेवढंच थांबून पुढच्या वचनाचं अर्धं. इकडे आम्ही दोघी गप्प, तिकडे आवाज चालूच. शेवटी आमेनसुद्धा झालं. आणि आवाज चौदाचा नव्हता, चांगला बारीक होता. शाळेत चाळीस वर्षं घालवली मी, वयं ओळखू येतात.

"प्रतीक्षा!" मी ओरडले. मागे टीव्ही चालू होता. बऱ्याच वेळानं ती फोनवर आली.

"आजी, रेकॉर्ड करून ठेवलंय मी. सातवीत असताना."

"काऊन वं?"

"चुकलं की मारायचीस तू. रेकॉर्ड चुकत नाही."

"फोनातून मारली का तुले?"

"तुझा आवाज आला तरी पाय आखडतात माझे."

सहदेवनं फोन ओढून घेतला. "माय, कोचिंग असते तिले. शब्द तर तेच हायेत ना? देवाले आयकू गेले म्हणजे झालं."

"देवाले पाठ हायेत, बे. म्या कोनाले शिकवून राह्यली होती?"

तो म्हणाला, जेवण व्हायचंय, ठेवतो.

नाताळात ते आले. दृढीकरणाला त्या वर्षी दोनच मुलं. प्रतीक्षा पांढऱ्या ड्रेसात पुढे उभी राहिली आणि सोजराबाई बाकावरून उठली.

"हिचं नाव खोडा. हिले येत नाही काही."

पोरीचा चेहरा पडला. मागे कोणीतरी हसलं. पाळकसाहेबांना वरती आकडा कळवायचा होता. दोनाचा एक कसा करणार?

"बसा, सोजराबाई. आता वचनं फोनमध्ये असतात. मुलगी वाचेल."

प्रतीक्षानं एका दमात वाचलं, कुठे अडखळली नाही. डोक्यावर हात ठेवला गेला, टाळ्या झाल्या आणि केक कापायच्या आधी फोटो मंडळीच्या ग्रुपवर पडले. सोजराबाई खाली मान घालून बसून होती. तिला केक न्यायचंही कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

तिसऱ्या दिवशी शेगाव स्टेशनसाठी ऑटो दाराशी आला. सामान चढलं. सोजराबाईनं पोरीचा दंड धरला.

"एक सांग. तो हाये असं वाटते का तुले?"

"कोण?"

"देव."

प्रतीक्षानं तिच्याकडे बघितलं. चेष्टा नव्हती तिच्या तोंडावर, असती तर बरं झालं असतं.

"माहीत नाही, आजी. हे तू कधी विचारलंच नाहीस."

"आता इचारून राह्यली ना."

"गाडी चुकल, माय!" सहदेव ऑटोतून ओरडला. पोरीनं दंड सोडवून घेतला आणि आत बसली. ऑटो वळला, दिसेनासा झाला.

"बाई," सोजराबाई म्हणाली, "मले तरी कोनं इचारलं होतं?"

मग ती घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मी चहा नेला, तो तसाच निवला.